पतंगमामांच्या जाकिटावरची गर्दी

...तर सापळे रिकामेच! काल इथवर येऊन थांबलो होतो, नाही का? पतंगमामा रोज सकाळी धाकट्या भावाच्या मक्यात शिरायचे, कामगंध सापळ्याच्या पिशवीत डोकवायचे आणि तिथूनच ओरडायचे, "काही नाही रे! पंप खाली ठेव!"

हे त्यांचं कामच. सापळ्यात रबराची बारकी गोळी टांगायची, तिला पतंगाच्या मादीचा वास. नर बिचारे नवरदेवाच्या तोऱ्यात येतात आणि थेट पिशवीत पडतात. पिशवीत नर दिसू लागले की ओळखावं, लष्करी अळी वाटेवर आहे. अख्ख्या शिवारात मामांच्या शब्दावर पंप उचलले जायचे. धाकटा मात्र तारीख बघून फवारणारा गडी. औषधानं दर हंगामात त्याचे डोळे सुजायचे, म्हणून मामांनी यंदा हट्टानं थांबवलं होतं. "पतंग दिसल्याशिवाय फवारायचं नाही. जबाबदारी माझी!" असं छातीठोक सांगून बसले. त्यामुळे मका भावाचा, पण जीव टांगणीला मामांचा.

अशातच एका सकाळी मामी शेतातल्या पत्र्याच्या खोलीत चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, इकडे या जरा. तुमच्या जाकिटाला लगीनघाई झालीये!"

खुंटीवरच्या जाकिटावर, बाह्यांवर, कॉलरवर, करड्या पतंगांची ही गर्दी! मामांनी खिसा चाचपला आणि चेहराच उतरला. जादा गोळ्यांचं पाकीट फाटलेलं, गोळ्या खिशात मोकळ्या. सापळ्यात एक गोळी आणि खुंटीवर अख्खा बाजार. नर तिकडे कशाला फिरकतील?

"भाऊजींना सांगा," मामी म्हणाल्या.

"सांगतो गं. आधी मका बघू दे."

मामा सरींतून वाकून चालले. ताटांच्या शेंड्याचे पोंगे, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळ्या, उघडले, तर पानांवर खरवडल्यासारखे पांढरे ठिपके आणि आत दोऱ्याएवढ्या अळ्या. वेळ गेली नव्हती, पण चपला घालून दारात उभी होती!

धाकटा बांधावर शेजाऱ्यांशी बोलत बसला होता. "पतंग कालच आले," एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. जाकीट कोण बघायला येणार होतं? पण मामांनी ते काठीला अडकवून सगळ्यांसमोर आणलं आणि घडलं ते सांगून टाकलं.

शेजारी पोट धरून हसले. "मामा, या वयात एवढ्या जणांना भुरळ?"

"आता तरी धुवायला टाका ते!" दुसरा म्हणाला.

मामाही हसले असते, पण धाकटा हसत नव्हता. तो उठला, एक पोंगा मोडून पाहिला आणि तसाच हातात धरून मामांकडे वळला.

"दादा, तुझ्या शब्दावर थांबलो मी. आता पीक गेलं तर कुणाला धरू?"

मामांनी जाकीट काठीसकट बांधावर टाकलं, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "वाचलं तर तुझ्या वहिनीचे पाय धर, गेलं तर माझी मानगूट धर, पण आज पंप माझ्या पाठीवर दे आणि तू नुसतं पाणी आण, ऊन चढायच्या आत पहिली सरी उरकू."