'लाइन' या शब्दाची जबानी

इंग्रजीतला एक शब्द पूर्ण शिकलेला माणूस जगात एकच झाला आणि तो बालाघाटला आमच्या घरमालकांच्या मागच्या खोलीत राहत होता. बाकीचे लोक पुष्कळ शब्द थोडे थोडे शिकतात. घरमालकांच्या या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या काकांनी, 'लाइन' हा शब्द धरला आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं सोडला नाही. त्यांची सारी नोकरी कचेरीत नकलनवीस म्हणून गेली होती. मूळ कागदावरून नक्कल उतरवायची, शब्द न् शब्द ताडून बघायचा, मग शिक्का मारायचा. ही सवय त्यांनी घरी आणली.

त्यांच्याकडे एक जाडजूड कोश होता, पण त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "यानं अर्थ लिहिले, पण खाली सही कोणाची आहे? मी काहून मानू?" असं ते विचारत. म्हणून प्रत्येक अर्थासाठी ते जिवंत माणूस शोधत. त्याचं नाव, धंदा, बोललेलं वाक्य वहीत उतरवत, त्याला वाचून दाखवत आणि खाली सही घेत. वीज गेल्यावर "लाइन चली गई" म्हणणाऱ्या पानवाल्याची अशी जबानी झाली, तेव्हा तो बिचारा घामाघूम झाला. "बाबूजी, मेरे ऊपर केस तो नहीं बनेगा?" काका म्हणाले, "सच बोले हो, तो डर काहे का?"

मुलींच्या कॉलेजसमोर सायकलला टेकून उभ्या असलेल्या एका पोराला त्याचा मित्र म्हणाला, "क्या बे, लाइन मार रहा है?" काकांनी तिथंच पेन उघडलं. "किस पर? पूरा नाम बताओ." दोघंही सायकल टाकून पळाले. काका दोन तास त्या सायकलपाशी राखण करत बसले. पोरगा परत आला तेव्हा सायकल दिली, पण सही घेऊनच.

त्या वर्षी मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीत नापास झालो होतो. पुरवणी परीक्षेची एक संधी होती. बाबा कटंगीजवळच्या आमच्या गावात शेती करत. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "या बारीनं पास झाला तं शिक. नाही तं बैल तुही वाट पाहून राह्यले." काका म्हणाले, "मी शिकवतो तुले." तीन आठवडे त्यांनी मला 'लाइन' शिकवली. मी गाइड उघडलं की ते मिटत आणि मला बाहेर नेत. नॅरोगेज रेल्वेची छोटी लाइन, पोलीस लाइन, राशनची लाइन. बसस्टँडवर एक ड्रायव्हर आपल्या पोराबद्दल म्हणाला, "उसको भी इसी लाइन में डाल दिया," तेव्हा काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याला चहा पाजला. मला मात्र रडू येत होतं.

"काका, पेपरात हा शब्द आलाच नाही तर?"

"मंग दुसरा येईल. तोही माणसंच बोलतात ना रे?"

तेव्हा रागच आला. पण पेपरात आठवडी बाजारावर निबंध आला आणि गाइडमधला पाठ केलेला निबंध आठवेना, तेव्हा मी कटंगीचा बाजार डोळ्यांसमोर आणला आणि तिथली माणसं बोलतील तशी लहान लहान वाक्यं लिहिली. आयुष्यात पहिल्यांदाच मी इंग्रजीत माझं स्वतःचं काही लिहिलं. आज लालबर्रा इथल्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो, ते त्या वाक्यांच्या जोरावर.

निकाल लागून वर्तमानपत्रात माझा नंबर छापून आला, तरी काकांनी अभिनंदन केलं नाही. "शिक्का कुठं आहे?" गुणपत्रिका हाती येईपर्यंत ते रोज माझ्याबरोबर कॉलेजात येत राहिले. ती मिळाली त्या दिवशी बाबा सकाळच्या बसनं आले आणि चपला काढून काकांच्या पायरीवर बसले. बाबांना वाचता येत नव्हतं. काकांनी चष्मा पुसला आणि कचेरीतल्या आवाजात वाचायला घेतलं. माझं नाव, वडिलांचं नाव, एकेक विषय. "इंग्रजी, छत्तीस. अक्षरी छत्तीस फक्त."

"माहं नाव कुठी हाय?" बाबांनी विचारलं. काकांनी त्यांचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. बाबांनी ते बराच वेळ उचललं नाही.

"म्हणजे हा आता शेतावर येत नाही," ते म्हणाले.

वाचून दाखवल्यावर सहीसाठी लगेच पुढे होणारं काकांचं पेन त्या दिवशी खिशातच राहिलं.

बाबांनी धोतराला हात पुसले. म्हणाले, "बाबूजी, माह्या नावापासून पुन्हा एक डाव वाचा."