दारावर पाटी नको

आमच्या घरात एक वेळ भांडी कमी पडतील, पण किस्से नाहीत! मी वेवजी गावची वारली, डहाणूच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. "वारली" म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग काहीतरी विचारतो. झाला किस्सा तयार!

*

पुण्याहून जोशी सर बदलून आले. पहिल्याच दिवशी डबा खाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही आदिवासी वाटत नाही हो!"

"मग काय वाटते?"

"म्हणजे... आमच्यासारख्याच."

"सर, माझ्या आईला सांगू नका हं. तिला वाईट वाटेल."

*

मुंबईच्या एक बाई शाळा बघायला आल्या. डोळे मोठे करून विचारतात, "तुमच्या घराजवळ वाघ येतो?"

म्हटलं, "कुठला वाघ! साधा बिबट्या बघायचा तरी आम्हाला बोरिवली गाठावी लागते."

बाई नेमक्या बोरिवलीच्याच निघाल्या!

*

गॅदरिंगला भिंतीवर वारली चित्र काढायचं होतं. हेडसर म्हणाले, "वरठा मॅडम, तुमच्या तर रक्तातच आहे!"

माझ्या रक्तात काय असेल ते असो, मला कंपासशिवाय वर्तुळ येत नाही. सगळं चित्र साताऱ्याच्या मोरे सरांनी काढलं. पाहुण्यांनी त्यापुढे फोटो मात्र माझा काढला. मोरे सर मागे नळावर ब्रश धूत होते.

*

हे सगळं मी हसण्यावारी न्यायची. पण २०१७ ला लेक दहावीत गेली. वेवजीहून जीप, मग एसटी, परत तेच. नववीतच पोर जेवता जेवता झोपायची. शाळेजवळ, डहाणूतल्या मसोलीत खोली हवीच होती.

फोनवर खोली रिकामी असायची. आडनाव सांगितलं की लगेच मालकाचा पुतण्या तिथे राहायला यायचा. अख्ख्या मसोलीला पुतणेच पुतणे! शाळा सुरू व्हायला आली, मी रडकुंडीला आले.

नेमकं तेव्हाच जोशी सर म्हणाले, "तुमचं बरं असतं, सवलत मिळते."

"घ्या ना सर! फक्त आडनावासकट घ्या, आणि मसोलीत एक खोली मिळवून दाखवा."

सरांनी चपाती कोरडीच गिळली.

*

शेवटी एक मालकीणबाई भेटल्या, अख्खी बिल्डिंग त्यांचीच. हॉलमध्ये पडदे वारली चित्रांचे, उशा वारली चित्रांच्या. "मला तुमची कला फार आवडते हो!" खोली दिली. अट एकच.

"दारावर पाटी नको. कोणी विचारलं तर टीचर आहे म्हणायचं. काय आहे ना, बिल्डिंगमध्ये चांगली माणसं राहतात."

असा राग आला! पण लेकीचं वर्ष होतं. गिळला.

पाटीऐवजी दारावर 'सुस्वागतम्'चा स्टिकर लावला. समोरच्या दारावरही तसलाच. तिथे बँकेतल्या मॅडम राहायच्या. कडक इस्त्रीची साडी, एकदम शुद्ध मराठी. त्यांच्याशी मी जपूनच बोलायची. यांना कळलं तर लेकीला दप्तरासकट बाहेर काढतील, हीच धास्ती.

जूनअखेर भाजीवाली बिल्डिंगमध्ये आली. वरच्या मजल्यावरून उतरत आमच्या दारांपाशी थांबली. टोपलीत कोवळी रानभाजी. आमच्यात ही पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. पण ते या जिन्यात कसं बोलायचं? म्हटलं, "नको, घरात आहे भाजी."

ती समोरच्या दाराकडे वळली. मॅडम घाईत होत्या, पटकन बोलून गेल्या, "नको गं बाय, देवाला दाखवली नाय अजून!"

माझ्याकडे बघून त्यांनी चटकन जीभ चावली.

मॅडमनी वाकून खाली जिन्यात कोणी नाही ना ते बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मालकिणीला सांगू नका हं!"

भाजीवालीने टोपली डोक्यावर घेतली. "काय बिल्डिंग हाय बाय तुमची! वरच्या दोघींनी पण अजून देवाला दाखवली नाय!"