तारकावादळ आणि खापरखेड्याचा अँटेना

हातातला चहा आधी खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला आणि सतरंजी मलाच धुवावी लागली. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण हा त्या सगळ्याचा बाप!

मी तेव्हा नंदनवन वस्तीत राहत होतो. नोकरी पक्की, वय लग्नाचं आणि डोक्यात कॅप्टन बार्लो. तुम्हाला आठवत नसेल. परदेशी चित्रकथेतला अंतराळवीर. आमच्या पेपरात रोज त्याच्या चार चौकटी छापून यायच्या. लोक पेपर पहिल्या पानापासून वाचतात, मी बार्लोपासून वाचायचो आणि बहुतेक वेळा तिथंच थांबायचो. सम्राट क्रूमच्या तुरुंगातून तो कसकसा सुटला, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि त्यात त्या वर्षी बार्लोची मालिका टीव्हीवर आली! दर रविवारी सकाळी. मग काय, मी जमिनीवर राहतो की काय?

पण या बार्लोपायी माझी दोन स्थळं हातची गेली होती. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पुढचा विचार काय?" मी म्हणालो, "माणसानं आता चंद्र सोडून पुढं जायला पाहिजे." ते बिचारे बढतीबद्दल विचारत होते हो! दुसऱ्या ठिकाणी काय बोललो ते विचारूच नका.

म्हणून खापरखेड्याचं स्थळ आलं तेव्हा आईनं बसमध्येच दम भरला.

"त्या बार्लोचं नाव काढशील तर पाहा! पोहे खायचे, मान हलवायची, उठून यायचं. हे स्थळ गेलं तर मी काही दुसरं पाहणार नाही, सांगून ठेवते."

मुलगी नलिनी. घरात नलू. वडील मोरेश्वरराव तिथल्या वीजकेंद्रात फोरमन, कॉलनीत क्वार्टर. आम्ही पोचलो तो मे महिन्यातला रविवार. सकाळचे दहा वाजले होते, पण खापरखेड्याला मे महिन्यात सकाळ कुठली असते? सहा वाजता उजाडतं आणि सात वाजता दुपार होते.

नलू पोहे घेऊन आली. मी एकदाच वर पाहिलं आणि खरं सांगतो, आवडली मला. फार आवडली. मनात म्हटलं, आज तोंड शिवून बसायचं. आई विचारेल त्याला ती उत्तर देत होती आणि मी मान हलवत होतो. सगळं कसं छान चाललं होतं! आणि तेवढ्यात मोरेश्वररावांना पाहुणचाराची लहर आली.

"पाव्हणे, बार्लो पाह्यता काय जी? लागतच असन आता. कॉलनीतले सारे आमच्याकडेच येते पाह्याले."

आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की बास. पण मी कधीच टीव्हीकडे सरकलो होतो. शेजारपाजारची मंडळी आत आली, सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. टीव्ही लागला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या!

"काल वारं-धुंद होतं, अँटेना फिरला असन," मोरेश्वरराव म्हणाले. "क्लॅम्प ढिला आहे त्याचा. धरून ठेवाव लागते. मी जातो वर. तुमी खालून सांगा."

डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते गच्चीवर गेले. थोड्या वेळानं वरून हाक आली, "आलं काऽऽ?"

आता इथं नीट ऐका. पेपरातल्या चित्रकथेत एक प्रकरण होतं, तारकावादळाचं. बार्लोचं यान त्या वादळात सापडतं. आठवडाभर ते वादळ चाललं आणि आठवडाभर पेपरात चारही चौकटींत काय, तर काळ्यावर पांढरे ठिपके! लोकांनी शिव्या घातल्या, मी मात्र रोज डोळे फाडून पाहायचो. मागच्या रविवारी वीज गेल्यानं मालिकेचा भाग माझा हुकला होता, आणि आता समोर पडद्यावर तेच. काळ्यावर पांढरे ठिपके. वर सूंऽऽ आवाज! माझ्या अंगावर काटा आला.

मी दारातून ओरडलो, "आलं, आलं! तसंच धरून ठेवा, हलू नका बिलकुल!"

सतरंजीवरची मंडळी पडद्याकडे पाहायची, मग माझ्याकडे पाहायची. एक म्हातारेबुवा म्हणाले, "पण पाव्हणे, हे तं मुंग्या..."

"मुंग्या नाहीत आजोबा, तारकावादळ आहे ते! मधोमध पाहा. तो मोठा ठिपका दिसतो का? ते यान!"

"कुठी?"

"आता गेलं डावीकडे."

नलूच्या आईनं म्हातारेबुवांना डोळ्यांनी गप्प केलं आणि शेजारणींना हळूच म्हणाली, "पाव्हण्याच्या मधात कोणी बोलू नका वं."

कळलं ना? मुलगी दाखवायचा दिवस. मुलाकडचा माणूस दिवसाला रात्र म्हणाला तरी त्या दिवशी कोणी खोडून काढत नाही. आणि मला गाढवाला वाटलं, माझ्या ज्ञानानं सगळे गार झाले! मग तर मी सुटलोच. क्रूमनं आता किरण सोडला, बार्लोनं इंजिन बंद केलं, हा आवाज वाढला म्हणजे वादळाचा डोळा जवळ आला. मंडळी "अरे बाप्पा!" म्हणत होती. एका काकूंना तर खरंच यान दिसायला लागलं. आई? आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती.

मधूनच वरून क्षीण आवाज यायचा. "हात सोडू काऽऽ?"

"नाही, नाही! ऐन रंगात आलंय! धरून ठेवा!"

असा सगळा भाग मी सांगून संपवत आणला. तेवढ्यात नलू चहाचा दुसरा ट्रे घेऊन आली. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ट्रे खाली ठेवला.

"तारकावादळ मांगच्या रविवारीच झालं," ती म्हणाली. "आन् बाबा कुठी आहे?"

ती टीव्हीच्या मागं वाकली. "आई, अँटेनाच्या बुस्टरचा प्लग काहून काढला वं? त्याच्याबिगर चित्र येते काय?"

"पाव्हण्यायले गरम होऊन राहिलं होतं नं. म्हणून टेबलफॅन लावला तिथी," नलूची आई म्हणाली.

म्हणजे अँटेना सरळच होता! तिनं पंख्याचा प्लग काढला, बुस्टरचा लावला आणि पडद्यावर चित्र लख्ख आलं. कॅप्टन बार्लो एका बागेत बाकावर बसून आरामात सफरचंद खात होता. वादळ नाही, क्रूम नाही, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. आणि त्याच्यावरून भराभर नावं सरकायला लागली. भाग संपला!

हसायला पहिली सुरुवात म्हातारेबुवांनी केली. मग कोणी थांबेना.

मोरेश्वरराव जिना उतरून आले. चेहरा बिटासारखा, तापलेला पाइप धरून तळवे लाल, दुपट्टा पिळला तर लोटा भरेल अशी अवस्था. मला म्हणतात कसे, "दिसलं नं पाव्हणे चांगलं?"

मी म्हणालो, "हो, स्वच्छ."

परतीच्या बसमध्ये आई माझ्याकडे पाठ करून बसली. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि डोळ्यांसमोर ती ट्रे ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिलेली नलू. वाईट वाटलं हो, खूप वाईट वाटलं. मनासारखी मुलगी एका प्लगपायी गेली.

आणि चार-पाच दिवसांनी होकार आला! आईनं तर परत एकदा विचारून घेतलं, आमच्याच मुलाला म्हणताय ना? लग्नानंतर मी नलूला विचारलं, "तू हो काहून म्हटलं?"

"जो माणूस मुंग्या पाहून इतका खुश राह्यते," ती म्हणाली, "त्याले माह्या हातचं काहीही चालन."

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. थांबा. चहा उचलू नका.

पुढच्या उन्हाळ्यात जेठातच अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चैन! खापरखेड्याला बोलावणं, नवे कपडे, ताटात अनारसे. त्या सुमारास टीव्हीवर बार्लोचीच देशी मालिका लागली होती. नाव कप्तान बलराज, मिशी झुपकेदार आणि रॉकेट म्हणजे कळमन्याच्या बाजारातली धान्याची कोठी उलटी केलेली. तरी मी पाटावर बसल्या बसल्या घड्याळ पाहत होतो.

सासरे म्हणाले, "जावईबापू, अँटेना जरासाक हलला वाट्टे. तुमाले त्यातलं समजते म्हणून म्हणतो."

जावयाला गच्चीवर पाठवतात का कुठं? पण मागचं देणं होतं. मी दुपट्टा गुंडाळून गेलो. पाइप असा तापला होता की त्यावर पोळी भाजावी.

"आलं काऽऽ?"

खालून सासऱ्यांचा आवाज आला, "आलं, आलं! तसंच धरून ठेवा, हलू नका बिलकुल!"

धरला. संपेपर्यंत धरला. शेवटचं संगीत वाजलं तेव्हा कुठं हात सोडला आणि धापा टाकत खाली आलो. मंडळी अनारसे खात होती. चित्र आरशासारखं स्वच्छ. नलू तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळलेली.

"मामाजी," मी म्हणालो, "मी हात सोडला तरी चित्र आहे की!"

"राहीनच नं जी. क्लॅम्प नवा बसवला दिवाळीतच. तो काही हालत नाही आता."

"मग मला वर काहून उभं ठेवलं?"

सासऱ्यांनी शांतपणे अनारसा मोडला.

"मले वाटलं, तुमी वरतून तारकावादळ पाहून राहिले. जावयाच्या मधात कोण बोलते बाप्पा!"