आप्पासो आणि हरिबाची पाठ

कुंडलचा हरिबा सांगलीच्या एका बागेत सिंह सांभाळायचा. सिंहाचं नाव आप्पासो, आणि हरिबा त्याला अहोजाहो करायचा. घरात बायकोशी एवढ्या अदबीनं बोलला असता, तर चंद्राबाईनं नवस फेडला असता!

चौऱ्याण्णव साली प्राणिशास्त्राची कॉलेजातली पोरं दर शनिवारी वह्या घेऊन त्याच्याकडं यायला लागली. वर्गात सर फळ्यावर सिंह काढायचे, इथं हरिबा खरा दाखवायचा.

"ह्यांच्या म्होरं उभं ऱ्हायलं की ह्ये झोपत्यात," तो सांगायचा. "पाठ फिरवा, मग बघा. पर चार हात लांब हां!"

"लांब का, मामा?" पोरांतल्या अंकितानं विचारलं.

"लय इचारू नगस."

मग सगळी पिंजऱ्याकडं पाठ करून, अंकिताच्या पावडरच्या डबीतल्या आरशात माना वाकड्या करून बघायची. आप्पासो खरंच उठायचा, दबकत पुढं यायचा. बागेत आलेली माणसं मात्र सिंह सोडून ह्या येड्यांनाच बघत बसायची.

आणि एक दिवस वरून हुकूम आला. सिंह नुसता झोपून असतो, लोकांच्या तक्रारी आहेत. साहेब शनिवारी येऊन बघतील, निजलेला दिसला तर पुण्याला धाडतील. हरिबाच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ वर्षांचा सोबती, त्याच्याबिगर दिवस कसा काढायचा?

साहेब आले, पिंजऱ्यासमोर उभे राहिले. आप्पासो खुशाल घोरत पडला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, एक फोटो!" पोरांतला राजरत्न कॅमेरा काढून ओरडला.

फोटो म्हटल्यावर कोण नाही म्हणतंय? साहेबांनी केस सारखे केले आणि पिंजऱ्याला पाठ दिली. आप्पासोनं एक डोळा उघडला, दबकत गजांपाशी आला, आणि अशी डरकाळी फोडली की साहेब थेट राजरत्नच्या अंगावर! मग त्यांनी लिहिलं, 'प्राणी फारच जागा आहे. हलवू नये.'

साहेब गेले आणि हरिबाला भडभडून आलं. पोरांना रडू दिसू नये म्हणून त्यानं गजांना पाठ टेकवली अन् टॉवेलात तोंड खुपसलं. चार हातांचं भानच राहिलं नाही. आप्पासो वळला, शेपूट वर केलं, आणि हरिबाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत भिजवली.

"आवं आप्पासो, ह्ये काय!"

पोरं हसून लोळायला लागली. अंकिता कशीबशी म्हणाली, "मामा, आमच्या पुस्तकात हाय. जे आपलं असतंय, त्यावरच सिंह अशी खूण करतोय."

सदरा बदलायचा विचार हरिबानं सोडून दिला. त्या संध्याकाळी कुंडलच्या एसटीत त्याला अख्खं बाकडं मिळालं, आणि त्यावर तो छाती काढून बसला.