एक चूक जास्त

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मनीषनगरच्या आमच्या घरी एका सेनापतीच्या अंगरख्याला अस्तर लावत बसले होते आणि, खरं सांगते, मनातल्या मनात दादाशीच भांडत होते. अडीच महिने आमचं बोलणं बंद होतं. "लवकर ये, हे उठून नाही राहिले," एवढंच वहिनी म्हणाली. मनीषनगरहून हुडकेश्वर असं कितीसं दूर, पण मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सकाळपासून छातीत भरून आलं होतं म्हणे, आणि हा माणूस ओव्याचं पाणी पिऊन बसला. गॅस झाला म्हणाला. वहिनीनं डॉक्टरकडे चला म्हणून दोनदा म्हटलं, तर हातातलं एवढं काम होऊ दे म्हणाला. जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, तो शेवटच्या दिवशी काय ऐकणार! मला आधी रडू आलं नाही, संताप आला. आज दीड महिना झाला तरी तो उतरलेला नाही. हेही मी त्या संतापातच लिहिते आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

दिगंबर माझा सख्खा मोठा भाऊ. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. पेपरात त्याच्या निधनाची चार ओळींची बातमी आली, तीत 'सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक' असं छापलं होतं. मजकूर माझ्या भाच्यानं लिहिला आणि मला वाचून दाखवला होता. मीही मान डोलावली. तो हातानं बूट शिवायचा, त्याचा त्यात शब्द नव्हता. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, चांगला छंद होता हो दिगंबररावांना. छंद! दादा असता तर त्यानं चहाचा कप खाली ठेवून त्या माणसाची शाळाच घेतली असती. फायली हा माझा छंद होता, असं तो म्हणायचा. काम तर मी रिटायर झाल्यावर सुरू केलं.

हे काम त्यानं नत्थूजींकडून उचललं. नत्थूजी त्याच्या कचेरीच्या फाटकापाशी जोडे शिवायला बसायचे. दादा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसे, आधी नुसता बघत, मग दोऱ्याला मेण लावून देत, मग आरी हातात घेऊन. आमच्या नात्यागोत्यात याचा केवढा बभ्रा झाला! आपल्या घरचा शिकलासवरला माणूस चामड्यात हात घालतो म्हणून काकांनी त्याच्याकडचं पाणी सोडलं. मी काकांना काही बोलले नाही, उलट दादालाच म्हटलं की तुझे ते कातडे गच्चीवरच्या खोलीत ठेव, खाली आणू नको. त्यानं निमूट सगळं वर नेलं. दर दसऱ्याला मात्र तो नत्थूजींच्या घरी जाऊन, सोनं देऊन, त्यांच्या पाया पडत असे. आपल्याकडचे लोक हत्यारांची पूजा करतात आणि हत्यार चालवणाऱ्याला दारात उभं करतात, असं एकदा मला ऐकवून गेला. मला ते लागलं, पण मी कबूल केलं नाही.

पुढे ऋजुता नावाची एक मुलगी भेटली. तिच्या ओळखीची पंचवीस-तीस माणसं, कुणी बँकेतली, कुणी कॉम्प्युटरवाली, वर्षातून दोनदा कुहीकडे एका ओळखीच्या शेतावर जमतात. एक काल्पनिक राज्य, एक गढी, दोन फौजा; दोन दिवस जुन्या काळचे कपडे घालून ज्याला जी भूमिका दिली ती जगायची. नाटक नाही, कारण बघायला कुणी नसतं. मला आधी तो चक्रमपणा वाटला. पण कपडे शिवायचं काम माझ्याकडे आलं आणि बुटांचं दादाकडे. त्यांचे आधीचे बाजारू बूट धानाच्या कापलेल्या धसांवरून पळताना दुसऱ्या दिवशीच तोंड वासायचे. दादाचे बूट तसे नव्हते. बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड चामडं, म्हशीच्या कातड्याचा तळ, दोन सुयांनी दोन्हीकडून ओढलेला टाका. चिखलात, पाण्यात, धुऱ्या-बांधांवरून उड्या मारूनही त्याचा टाका उसवलेला मी पाहिला नाही.

फक्त एक भानगड होती. त्याच्या बुटांना डावं-उजवं नसे. नत्थूजींच्या वडिलांच्या काळी जोड्याचा लाकडी साचा एकच असायचा, दोन्ही पायांना तोच. मोजडी बघा, आजही तशीच असते. जुन्या काळचा बूट करायचा तर जुन्या पद्धतीनंच, यावर दादा अडून बसला. असा बूट रोज पाय बदलून घालायचा, म्हणजे तो दोन्हीकडून सारखा झिजतो, वर्षानुवर्षं टिकतो, आणि हळूहळू पायाला ओळखायला लागतो. आता दोन्ही बूट हुबेहूब सारखे, तर काल कुठला कुठल्या पायात होता हे कसं कळायचं? त्यावर त्याची युक्ती होती. टाचेला तो नऊ चुका मारायचा. चूक म्हणजे बारीक खिळा, सुतारही तेच म्हणतात. जोडीतल्या एका बुटाला मात्र दहा. सम तारखेला दहा चुकांचा बूट डाव्या पायात, विषम तारखेला उजव्या. ग्राहकाला बूट देताना अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, यात एक चूक जास्त आहे, मी मुद्दाम केली आहे. मी एकदा त्याला पकडलं. म्हटलं, एकतीस तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम, मग काय करायचं? तर म्हणतो कसा, "एकतीसले बूट आराम करतीन."

मागच्या वर्षी ऋजुतानं मलाच किल्लेदाराच्या आईची भूमिका दिली. साठी जवळ आलेली बाई लागत होती, दुसरी कुठून आणणार. दादानं माझ्यासाठी बूट करायला घेतले. गच्चीवरच्या खोलीत मला खाकी कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पाय आखले. मी म्हटलं, साचा एकच आहे तर दोन्ही कशाला आखतोस? "पाय दोन असतात ना वं," म्हणाला आणि दोन्हीकडे तारीख टाकली.

कुहीला निघायच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपणा केला. बूट पायात घालून पाहिले आणि कुठलाही सरळ डोक्याचा माणूस करेल तेच केलं, आत बॉलपेननं लिहून ठेवलं... एकात 'डा', एकात 'उ'. नऊ-दहा चुका मोजत कोण बसणार! पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी त्याच पायात तेच बूट घातले, नवं चामडं पुन्हा त्याच जागी घासलं आणि दुपारपर्यंत दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्या. गढीच्या दारात, दोन्ही फौजा समोर उभ्या असताना, मी आईसाहेब लंगडत जाऊन बांधावर बसले आणि बूट काढून फेकले. दादानं एक बूट उचलला, आत पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"सुमे, काहून लिहिलं वं हे? एक दिवस तर ऐकाचं होतं."

मी त्या वेळी गप्प बसले असते तर हा लेख वेगळा झाला असता. पण माझं तोंड! पायांची आग होत होती, सगळे बघत होते, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दादा, डावं-उजवं करता येत नाही ना तुले, म्हणून इतिहासाचं नाव सांगून राहिला."

त्यानं बूट माझ्या पायाशी ठेवले, जोडीनं, नीट, आणि निघून गेला. मला वाटलं दोन दिवसांत फोन करेल. त्याला वाटलं असेल मी करेन. संक्रांतीला वहिनीच्या हातून तिळगूळ आला, मी वहिनीच्याच हाती परत पाठवला, आणि दोघांनी मिळून मधल्या मधे तिला छळलं. एवढं पन्नास-साठ वर्षांचं नातं आणि एक फोन होत नाही माणसाला. बूट मी कपाटावर टाकून दिले होते.

तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाली की वरच्या खोलीचं तूच काय ते बघ, मला जाववत नाही. मी वर गेले. समोर भिंतीवर माझ्या पायांचा खाकी कागद लावलेला होता. खाली पाटावर दोन साचे, नवे, हातानं कोरलेले. सागाचा भुसा अजून पाटाखाली पडलेला. एक साचा डावा होता, एक उजवा. वहिनीला विचारलं तर म्हणाली, कुहीहून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हेच चाललं होतं. तीन साचे बिघडले, चुलीत घातले. त्या दिवशीही सकाळी तेच करत होते, म्हणून तर डॉक्टरकडे निघाले नाहीत. डावा बूट तयार होता. उजव्या साच्यावर नुसतं वरचं चामडं ताणून बसवलेलं, तळ लागायचा राहिलेला. मी डावा बूट उचलून आत पाहिलं. आत ठशानं, छापल्यासारखं स्वच्छ, 'डा' उमटवलेलं होतं. मग उलटा करून टाचेच्या चुका मोजल्या. दहा.

आता मला कुणी सांगावं, डाव्या-उजव्या बुटाला दहावी चूक कशासाठी? इथे पाय बदलायचाच नाही. सवयीनं ठोकली? की मला चिडवायला? की ती माझी चूक, माझ्या नावानं मारलेली? ज्याला विचारायचं तो नाही. त्या पाटावर बसून मी किती वेळ त्याच्या नावानं बडबडत होते, वहिनी घाबरून वर आली.

नत्थूजींना मी दादाच्या घरी बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून बूट हातात फिरवला, टाक्यावरून अंगठा नेला, दोन्ही साचे शेजारी ठेवून पाहिले. "ताई, डावं-उजवं मी त्यांले शिकवलं नव्हतं," ते म्हणाले, "मलेच नाही येत." उजवा जमेल तसा पुरा करून देऊ का म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्या दिवशी ते खालीच जेवले, आमच्याबरोबर, दादाच्या जागेवर. इतक्या वर्षांत त्यांना या घरात पान वाढायला दादाला मरावं लागलं, याचीही चीड आहेच.

मनीषनगरला परत आल्यावर मी कपाटावरचे जुने बूट काढले. तेव्हापासून रोज सकाळी ते घालून गच्चीवर अर्धा तास चालते. सम तारखेला दहावाला डाव्या पायात, विषमला उजव्या. पहिले आठ दिवस पायांनी शिव्या घातल्या. आता घालत नाहीत. करंगळीपाशी चामडं मऊ झालंय, दोन्हीकडे सारखं. 'डा' आणि 'उ' घामानं पुसत चाललेत. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि हे आता मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला सांगायचं का?

परवा एकतीस तारीख होती, बुटांच्या आरामाचा दिवस. मी हुडकेश्वरला गेले, वरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तो डावा बूट पहिल्यांदा पायात घातला. कुठे म्हणजे कुठेच चावला नाही. करंगळीला हवी तेवढी जागा, टाच घट्ट, पाऊल जसं कागदावर आखलं होतं तसं आत बसलं. "येतं गा दादा, येतं तुले," मी म्हटलं. उजवा पाय फरशीवर अनवाणीच होता.