हाळी ऐकू न आलेला हॅमन

विलोकोट गावात हॅमन पिनॉकइतका कर्तव्यदक्ष माणूस दुसरा झाला नाही, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. आमच्याकडे दहा पुरुषांचा एक गट असतो, सगळे एकमेकांना जामीन. गटातल्या कुणी आगळीक केली की जहागिरीच्या न्यायसभेत ती उभं राहून सांगायची, हे म्होरक्याचं काम. लपवली तर दंड म्होरक्यालाच. दुसरा कुणी याला मानेवरचं जू म्हणाला असता. आमचा म्होरक्या हॅमन, त्याने ते फुलमाळेसारखं गळ्यात मिरवलं.

शब्दांवर त्याचा फार जीव. हंसीण कुणाच्या घेवड्यात शिरली तर ‘हंसीण शिरली’ असं तो कधी म्हणाला नाही. ‘बळाने आणि शस्त्रानिशी, राजाच्या शांततेचा भंग करून, अमक्याच्या हंसिणीने तमक्याच्या शेतावर हल्ला चढवला,’ असं म्हणायचा. शस्त्र म्हणजे चोच. राजाला त्या हंसिणीची खबर कधी लागली की नाही, कोण जाणे.

आमच्या भाषेत चार्ज हा शब्द मुळात गाडीवर ओझं लादण्याचा. पुढे लोकांनी तोच कामगिरीला लावला, मग आरोपाला, मग भाला रोखून अंगावर धावून जाण्याला. लादायचं मात्र नेहमी दुसऱ्यावर. हॅमनला हे कुणी शिकवायची गरज पडली नाही.

माझ्या घराला लागून विधवा एमटचं घर. सातूची बिअर गाळून ती पोट भरायची. वसंतातली गोष्ट. ऊन उतरलं होतं, तळ्यावर पाकोळ्या खाली-वर करत होत्या, आणि गावकारभाऱ्याचा मुलगा ड्रू झोकांड्या खात तिच्या दारात आला. तिने आणखी बिअर द्यायला नकार दिला, तसा त्याने पिंपातला ढवळायचा दांडा उपसून तिच्या कपाळावर हाणला. एमटने हाळी दिली. दिली म्हणजे कशी, तर माझ्या गाईने दूध आखडून धरलं.

हाळीचा नियम गावात पाळण्यातलं पोरही सांगेल. कुणी अंगावर आलं की तिथल्या तिथे हाळी द्यायची. ज्याच्या कानी पडेल त्या पुरुषाने हातचं काम टाकून, मिळेल ती काठी घेऊन धावायचं. न धावणारा गुन्हेगार. आणि जिने हाळी दिलीच नाही तिची तक्रार म्हणजे निव्वळ तोहमत. तोहमतीला तळ्याकाठची डुबकीची खुर्ची, म्हणजे तिच्यात बांधून पाण्यात बुचकळायचं, आणि बिअर गाळायला कायमची बंदी.

त्या संध्याकाळी एकही पुरुष धावला नाही. मी धावले, पण आम्हा बायकांची नावं गटात नसतात. त्यामुळे आम्हाला ऐकू येण्याची पूर्ण मोकळीक असते. आमचं ऐकणं कुणी मोजत नाही.

न्यायसभा तळ्यापलीकडच्या मोठ्या कोठारात भरली. दारं सताड उघडी होती. एमट कपाळाला फडकं बांधून उभी. न्यायनिवाडा करणारा दिवाण परगावचा, सर्दीने हैराण.

“म्होरक्या, या बाईने हाळी दिली होती का?”

हॅमनची मुलगी ड्रूला देऊ केलेली होती. लग्न सुगीनंतर ठरलं होतं. माणसाच्या कानात मळ साचायला एवढं कारण पुष्कळ होतं.

“दिवाणसाहेब, मी धर्माला स्मरून सांगतो,” हॅमन म्हणाला, “आमच्या कानी काही आलं नाही. वारा उलटा होता.”

“मेंढ्या ओरडत होत्या,” त्याच्या गटातला हॉज म्हणाला.

“मी घरात होतो,” तिसरा म्हणाला, “आणि बायको बोलत होती.”

“मग तर काहीच ऐकू येणार नाही,” दिवाण शिंकला. “बाई, तुझं काय म्हणणं?”

“माझं म्हणणं त्या दिवशीच म्हणून झालंय, साहेब. आता जरा घरी जाऊन येऊ का? पिंप उतू जाईल.”

“पळून जायची,” हॉज पुटपुटला.

“कुठे जाणार? खुर्ची तळ्यावरच आहे,” दिवाण म्हणाला. “जा, पण लगेच ये.”

ती गेली. तळ्याला वळसा घालून जाताना तिची पाठ किती लहान दिसत होती. ती दारात शिरली. पुरुषांनी पाय सैल सोडले. कारभारी ड्रूच्या खांद्यावर हात ठेवून हसला.

आणि हाळी आली.

तळ्यावरून आली, पाण्याला चिरत, कोठारातल्या चिमण्या उडवत. क्षणभर सगळे बसूनच राहिले. मग माझ्या डोळ्यांदेखत हॅमन पिनॉक उठला. मुलगी, लग्न, कारभारी, सगळं विसरून उठला. वीस वर्षं अंगात मुरलेलं कर्तव्य ते, त्याला अक्कल कुठली? दाराचा अडसर उचलून तो सर्वांत पुढे धावला. म्होरक्या धावला म्हणून गट धावला. गट धावला म्हणून दिवाणही झगा वर धरून, नाक पुसत धावला.

एमट उंबऱ्यात उभी होती, हातात तोच दांडा.

“आज वारा कुठला आहे, हॅमनभाऊ?”

हॅमनला धाप लागली होती. त्याने अडसराकडे पाहिलं, दिवाणाकडे पाहिलं.

“शेजारीणबाई,” तो म्हणाला, “हे काही बरं केलं नाहीस.”

“चोर कुठाय?” मागून पोचलेल्या हॉजने विचारलं.

“तुमच्याबरोबरच आलाय,” एमट म्हणाली, “तो बघा, सगळ्यांत मागे, कारभाऱ्याचा लेक.”

दिवाणाला आमच्या गावातली नाती ठाऊक नव्हती, पण कोठारापासून एमटच्या दारापर्यंतचं अंतर त्याने नुकतंच आपल्या पायांनी मोजलं होतं. हाळी दिली गेली, खरी होती, असा निकाल झाला. ड्रूला दंड झाला. खुर्ची कोरडी राहिली, पिंप चालू राहिलं. न धावलेल्या सगळ्यांना दंड झाला, आणि त्यांची नावं म्होरक्याने वाचायची असल्यामुळे हॅमनने पहिलं नाव स्वतःचं वाचलं, तेही अशा तोऱ्यात की जणू त्याला सरदारकी मिळाली.

मुलीचं लग्न मोडलं. पुढच्या वर्षी तिने एका गवंड्याशी लग्न केलं. बापाने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “तो बिचारा बहिरा नाही, बाबा.”

एमट आणखी बरीच वर्षं जगली. तिच्या घरी मांजराने मडकं जरी पाडलं, तरी पाच-सहा गडी काठ्या घेऊन दारात हजर. ती त्यांना बसवायची, बिअर पाजायची आणि दाम चोख वसूल करायची.