माळ्यावर सूर मारलेलं विमान

भुताखेतांच्या गोष्टी मला चालत नाहीत. असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. तरी लिहितोय, कारण त्या दिवसाचा संताप अजून उतरलेला नाही…

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोरेगाव भीमाजवळ एका कंपनीत लेथ मशीनवर कामाला होतो आणि सुट्टीला गावी, वडगाव रासाईला जायचो. विमानांचं मला भारी वेड. मित्राकडे व्हीसीआरवर जुने काळे-पांढरे विमानांचे पिक्चर बघायचो — उघड्या कॉकपिटमधला पायलट, गळ्यात मफलर, आणि विमान सूर मारतं तेव्हा चढत जाणारा तो इंजिनाचा आवाज!

ज्वारी हुरड्यात आली की आमचे वडील, आप्पा, दिवसभर शेतातल्या माळ्यावर. चार मेढींवर बांधलेली बाज, हातात गोफण, छातीत दमा. त्यांची उन्हातून सुटका व्हावी म्हणून मी पाखरं बुजवायला तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचं दुहेरी पंखांचं विमान केलं. पुढे खडखडणारा पंखा, मागे मोठं शेपूट, खाली बेअरिंग. वारा येईल तिकडे नाक वळणारच.

बांधाकडच्या दोन ओळी आप्पा दरवर्षी पाखरांना सोडायचे. तिथे गोफण बंद. सगळे थवे आधी तिथेच उतरायचे, म्हणून मी विमानाचा खांब नेमका तिथेच रोवला.

"त्यो वाटा त्यांचा हाय. काढ तितनं," आप्पा म्हणाले.

"मग आपुन काय पाला खायाचा व्हय?" मी उडवून लावलं.

पाखरं गेली. आमच्याच नाही, शेजारच्या शिवारातूनही गेली. इतकं चिडीचूप शेत मला मुळीच आवडलं नाही. त्यात वारा उगवतीचा, आणि विमानाचं नाक मावळतीला… थेट माळ्याकडे! मी ग्रीस भरलं, शेपूट वाढवलं, हाताने फिरवून ठेवलं. परत तेच.

"त्ये माज्याकडं बघतंय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, पत्रा हाय त्यो!"

रविवारी भर दुपारी मी बांधावर होतो. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि पंखा सुरू झाला. आधी खडखड, मग जाड घरघर, मग तो चढत जाणारा आवाज. पिक्चरमध्ये शंभरदा ऐकलेला. पण यात द्वेष होता. दुसरा शब्द मला सापडत नाही.

"आप्पा, उडी टाका!" मी बोंबललो.

त्यांनी टाकली. तेवढ्यात विमान खांबावरून सुटलं, कणसांवरून सरळ गेलं आणि माळ्यावर आदळलं. आप्पा बसले होते तिथली बाज मधोमध फाटली. खांबावर मात्र बोल्ट जागच्या जागी, नट घट्ट, आटे शाबूत.

मी हातोड्याने त्या विमानाचा पार चेंदामेंदा केला, शिव्या देत देत. कंपनीतले म्हणाले, वावटळ असेल. असेल तर दाखवा ना मला तसली वावटळ!

उडी टाकताना आप्पांचा पाय मोडला होता. जीपमधून शिरूरला नेताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"येक सांग," ते म्हणाले, "मला तर कसलाच आवाज आला न्हाई. इमान खांबावरच व्हतं, तवा तू वरडलास. तुला आदी कसं कळलं?"

आप्पा पुढे बरीच वर्षं जगले, पण माझ्याकडे पाठ करून कधी बसले नाहीत.